विकतचे फॉलोअर काढताना गिऱ्हाईक कसं वाचवायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलंय की नाही ते तुम्हाला दिसेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परळला राहता, मालवणी मसाला, गोडा मसाला आणि मेतकूट घरी करून इन्स्टाग्रामवरून विकता. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तुमचे 2,140 फॉलोअर होते. भाच्याने मदत म्हणून कुठल्याशा साइटवरून 10,000 विकत घेऊन दिले. त्यातले बरेच आपोआप गळाले आणि आज आकडा 9,400 वर आहे. रीलला पूर्वी दीडशे-दोनशे लाइक यायचे, आता साठ-सत्तर येतात. परवा एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी स्टॉल देण्याआधी इनसाइट्सचे, म्हणजे इन्स्टाग्राम खात्याची जी आकडेवारी दाखवतं तिचे, स्क्रीनशॉट मागितले आणि तुम्हाला धडकी भरली. खोटे कसे ओळखायचे, सगळे एकदम उडवणारं ॲप कुठलं, की खातं बंद करून नवंच काढावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. जाता जाता हे बेकायदेशीर आहे का, असंही तुम्ही विचारलंय.

मी दादरला बसून गेली 11 वर्षं छोट्या धंद्यांची सोशल मीडिया खाती सांभाळते. साडीवाले, क्लासवाले, फराळवाले, दोन नाट्यसंस्था. यातली बरीच खाती माझ्याकडे आली तीच मुळी कुणीतरी फॉलोअर विकत घेऊन ठेवल्यावर. तुमच्या बाबतीत मला अडचण जरा वेगळी दिसते. त्या गर्दीत तुमची दोन हजार माणसं हरवली आहेत, आणि घाईने झाडू मारलात तर कचऱ्याबरोबर तीही जातील. म्हणून मी खोट्यांपासून सुरुवात करत नाही, खऱ्यांपासून करते.

हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका फराळवाल्या बाईंचं खातं साफ करायला घेतलं होतं. तेव्हा माझ्याकडे ठरलेल्या खुणा होत्या. डीपी नाही, पोस्ट शून्य, नावाला आकडे चिकटलेले, की काढून टाक. तीन दिवसांत सहाशे जण काढले. चौथ्या दिवशी बाईंना गोरेगावहून एका आजींचा फोन आला. दरवर्षी त्या पाच-सहा किलो चकली आणि कडबोळी न्यायच्या. म्हणाल्या, "तुमचे फोटो यायचे बंद झाले हो. माझं काही चुकलं का?" त्यांचं खातं नातवाने काढून दिलेलं होतं. नावापुढे जन्मसाल, डीपीच्या जागी राखाडी वर्तुळ, पोस्ट एकही नाही, फॉलो करत होत्या 31 जणांना. माझ्या हिशोबात पक्का बॉट, म्हणजे माणूस नव्हे, यंत्राने चालवलेलं खातं. मग मी आणि बाई ऑर्डरची वही घेऊन बसलो आणि काढलेल्या सहाशेंची नावं एकेक करून ताडून पाहिली. चाळीसच्या वर खरी गिऱ्हाइकं निघाली. काहींना पुन्हा जोडता आलं, काही कायमची गेली.

तुमचं गिऱ्हाईक हेच आहे, ताई. मसाला मागवणाऱ्या बायका स्वतःचे फोटो टाकायला इन्स्टाग्रामवर येत नाहीत. त्या बघतात, नंबर टिपून घेतात आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात. त्यामुळे इंटरनेटवर सगळीकडे सापडणाऱ्या 'खोटं खातं ओळखण्याच्या खुणा' तुमच्या खात्याला जशाच्या तशा लावू नका.

मग पहिलं काम हे: ऑर्डरची वही, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामचे डीएम उघडा आणि ज्यांनी कधीही काही मागवलं किंवा विचारलं त्यांची इन्स्टाग्रामवरची नावं एका यादीत उतरवा. जिथे नाव सापडत नाही तिथे व्हॉट्सॲपवर साधा निरोप पाठवा, "आमचं पेज नीट करतोय, तुमचं इन्स्टाचं नाव कळवाल का?" निम्म्या बायकांनी जरी कळवलं तरी पुष्कळ झालं. ही यादी हातात असल्याशिवाय एकालाही काढू नका.

दुसरं काम भाच्याचं. त्याला विचारा की घेतलेल्या पॅकेजात 'रिफिल' होतं का. हे फॉलोअर ज्या साइटवर मिळतात त्यांना धंद्यात पॅनेल म्हणतात, आणि पॅनेलवाले 30 दिवस, 90 दिवस, कधी वर्षभराची हमी देतात की गळालेले फॉलोअर परत भरून देऊ. काही ठिकाणी ते आपोआप होतं. एका क्लासवाल्यांच्या खात्यावर मी आठवडाभर रोज दीडशे काढत होते आणि आकडा जागचा हलत नव्हता, कारण पलीकडून तेवढेच भरले जात होते. आधी ती ऑर्डर बंद करायला लावा. मग पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, आणि सेटिंगमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स'मध्ये जाऊन अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर तोडून टाका. भाच्याने पासवर्ड त्या साइटला दिला असेल तर हे आजच करा, बाकीचं उद्या.

आता ओळखायचं कसं. एकेक प्रोफाइल उघडून चेहरा बघत बसण्यापेक्षा मी आधी वेळ बघते. इन्स्टाग्राम तुम्हाला तुमचीच माहिती फाइल म्हणून देतं. अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये जा, तिथे माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करायचा पर्याय आहे. सगळी माहिती मागवू नका, फक्त 'फॉलोअर्स अँड फॉलोइंग' निवडा, कालावधी 'ऑल टाइम' ठेवा आणि फाइलचा प्रकार एचटीएमएल घ्या. थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी ईमेल येतो. लिंक चार दिवसच चालते, तेव्हा लगेच उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये प्रत्येक फॉलोअरचं नाव आणि त्याने तुम्हाला कधी फॉलो केलं ती तारीख-वेळ असते. ती यादी कॉपी करून गुगल शीटमध्ये टाका.

शीट उघडली की चित्र आपोआप समोर येतं. एका साडीवाल्यांच्या शीटमध्ये मी पाहिलं, एका मिनिटाला 14 नावं, पुढच्या मिनिटाला 19, त्याच्या पुढच्या मिनिटाला 12, आणि हे सलग चार तास. जवळजवळ साडेतीन हजार नावं. त्याच्या आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी चार जण आले होते. असा गठ्ठा दिसला की विकतचा माल कुठून कुठपर्यंत आहे ते कळतं. फाइलमधली वेळ आपल्या घड्याळाप्रमाणेच असेल असं धरून चालू नका, गठ्ठा कुठे आहे तेवढं बघा.

काही पॅनेलवाले हुशारीने रोज थोडे थोडे सोडतात. तरीही ते सापडतात, कारण त्यांचा आकडा रोज सारखा असतो. माणसं अशी येत नाहीत. एखादी रील चालली की त्या दिवशी पन्नास येतात, मग आठवडाभर कुणी नाही. प्रदर्शन झालं की दोन दिवस उसळी, मग शांत. महिनाभर रोज तीनशेच्या आसपास येत असतील तर ती माणसं नव्हेत.

तुमच्या बाबतीत एक गुंता आहे. भाच्याने हे दिवाळीच्या तोंडावर केलं, म्हणजे जेव्हा खरी नवी गिऱ्हाइकंही येत होती. त्यामुळे त्या गठ्ठ्यात तुमची माणसं मिसळलेली असणार. तिथे पहिली यादी कामाला येते. गठ्ठ्यातलं जे नाव यादीत आहे त्याच्यापुढे खूण करा आणि हात लावू नका. जे यादीत नाही ते प्रोफाइल उघडून बघा, आणि आता मी सांगते त्या गोष्टी तपासा.

सगळ्यात भरवशाची खूण माझ्या मते ओळखीची माणसं. प्रोफाइलवर 'फॉलोड बाय' असं लिहून तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्यातली नावं दिसतात. गोरेगावच्या त्या आजींना त्यांच्या दोन सुना आणि एक शेजारीण फॉलो करत होती. पोस्ट शून्य असल्या तरी त्यांच्या भोवती माणसं होती. बनावट खात्याभोवती असं गणगोत नसतं.

दुसरं, ते खातं किती जणांना फॉलो करतं. इन्स्टाग्रामवर एका खात्याला जास्तीत जास्त 7,500 जणांना फॉलो करता येतं. विकायच्या कामाला लावलेली खाती बरेचदा त्या मर्यादेच्या आसपास असतात. सहा-सात हजारांना फॉलो करणारं आणि स्वतःला पंधरा फॉलोअर असलेलं खातं मी फार विचार न करता काढते. आजी 31 जणांना फॉलो करत होत्या, हा फरक लक्षात ठेवा.

तिसरं, प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' असतं. तिथे खातं कुठल्या महिन्यात आणि साली उघडलं ते दिसतं, काही खात्यांवर देश आणि आधी किती वेळा नाव बदललं तेही दिसतं. एकाच महिन्यात उघडलेली पन्नास खाती एकाच तासात तुमच्याकडे आली तर शंकेला जागा राहत नाही.

एक प्रकार मात्र फसवा आहे. खरा चेहरा, खरे फोटो, लग्नातले, गावच्या जत्रेतले, तरीही ते फॉलोअर विकत आलेले असतात. 'फुकट फॉलोअर मिळवा' अशी ॲप असतात, त्यात दुसऱ्यांना फॉलो केलं की नाणी मिळतात आणि त्या नाण्यांवर स्वतःला फॉलोअर मिळतात. आपल्याकडची कॉलेजची पोरं यात खूप सापडतात. ही खरीच माणसं, पण तुमचा मसाला कधीच घेणार नाहीत. गठ्ठ्यात असतील आणि यादीत नसतील तर काढा, गठ्ठ्याबाहेर असतील तर सोडून द्या. तेवढ्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नाही. तसंच जुनी, बंद पडल्यासारखी वाटणारी पण दिवाळीच्या आधीपासून असलेली खाती. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

काढण्याचं ॲप विचारलंत. पासवर्ड मागणारं कुठलंही ॲप वापरू नका, हे मी कळकळीने सांगते. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं होतं की बाहेरच्या ॲपमधून आलेले खोटे लाइक, फॉलो आणि कॉमेंट ते काढून टाकणार आणि अशी ॲप वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगणार. फॉलोअर विकणारं ॲप असो की साफ करणारं, पासवर्ड मागत असेल तर माझ्या लेखी दोन्ही एकाच पंगतीत बसतात. शिवाय एका सेकंदाला एक या वेगाने काढायला लागलं की खातं काही काळ गोठतं. हे मी दोन जणांच्या बाबतीत ऐन सणात होताना पाहिलंय.

हातानेच काढा. स्वतःच्या फॉलोअरच्या यादीत नावासमोर 'रिमूव्ह' असतं. समोरच्याला त्याची सूचना जात नाही, आणि चुकून खरं माणूस गेलं तर ते पुन्हा फॉलो करू शकतं, म्हणून ब्लॉकपेक्षा हे बरं. परत परत येणारं खातं असेल तरच ब्लॉक. काही खात्यांवर इन्स्टाग्राम स्वतःच संशयित स्पॅमचा वेगळा कप्पा दाखवतं आणि तिथून एकदम काढता येतात. तुम्हाला तो दिसत असेल तर तिथून सुरुवात करा, पण तिथेही आधी यादीशी ताडून.

वेगाचं म्हणाल तर मी सकाळी शंभर आणि संध्याकाळी शंभर या हिशोबाने जाते. हा इन्स्टाग्रामचा नियम नाही, माझा सवयीचा आकडा आहे, आणि आजवर त्यात खातं अडकलेलं नाही. 9,400 मधून 2,140 वजा केले तर सुमारे 7,200 उरतात, त्यात थोडी खरी नवी माणसंही आहेत. म्हणजे सव्वा ते दीड महिन्याचं काम. कंटाळवाणं आहे, पण एप्रिल-मे महिन्यात मिरच्या वाळत घालायच्या आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, रांगा लागायच्या आधी ते उरकलंत तर खऱ्या हंगामात खातं स्वच्छ असेल.

खातं काही दिवस खासगी करून ठेवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. बिझनेस खातं खासगी होत नाही, त्यासाठी ते आधी साधं करावं लागतं, आणि साधं केलं की आतापर्यंतच्या इनसाइट्स जातात. रिफिल थांबलं असेल तर याची गरज नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सांगत नाहीत. रीच, म्हणजे तुमची पोस्ट किती जणांपर्यंत पोचते ते, पडल्याचं सगळं खापर खोट्या फॉलोअरवर फोडू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलंय की क्रमवारीत पाहण्याचा वेळ, लाइक आणि पुढे पाठवणं या गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं. जे खातं कधी उघडलंच जात नाही ते तुमची रील पाहतही नाही आणि नाकारतही नाही. नुकसान करतात ती नाण्यांच्या ॲपमधली जिवंत खाती, जी तुमची रील समोर आली की न पाहता पुढे सरकवतात. आणि दुसरं नुकसान जाहिरातीचं. तुम्ही पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलली आणि 'माझ्या फॉलोअरसारखे लोक' निवडलेत तर यंत्रणा त्या सात हजारांसारखेच लोक शोधत बसते. म्हणून सफाई होईपर्यंत जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका.

बाकी लाइक कमी होण्यामागे हंगामही आहे. दिवाळीत भाजणी आणि मेतकूट चालतं, नंतर मे महिन्यापर्यंत मसाल्याची चौकशी मंदच असते. गेल्या वर्षीच्या याच महिन्यातल्या रील काढून त्यांच्याशी तुलना करा, दिवाळीशी नको. आणि शक्य असेल तर मसाला कुटतानाचं काहीतरी टाका. माझ्याकडच्या एका बाईंनी लालबागला डंकावर बेडगी आणि संकेश्वरी मिरची एकत्र पडतानाची वीस सेकंदांची रील टाकली होती. तिच्यावर गाणंही नव्हतं, फक्त डंकाचा ठोका. बायकांनी ती आपल्या बहिणींना, जावांना पाठवली. मोसेरी म्हणतात ते पुढे पाठवणं ते हेच.

नवं खातं काढावं का, हे प्रमाणावर अवलंबून आहे. दोनशे खरे आणि पन्नास हजार विकतचे असते तर मी म्हटलं असतं, नवं काढा आणि व्हॉट्सॲपवरून सगळ्यांना तिकडे बोलवा. तुमचे दोन हजारांहून जास्त खरे आहेत, जुने रिव्ह्यू हायलाइटमध्ये आहेत, पाकिटांवर खात्याचं नाव छापलेलं आहे. हे खातं वाचवा.

बेकायदेशीर आहे का, याचं उत्तर असं की फॉलोअर विकत घेणं इन्स्टाग्रामच्या नियमांत बसत नाही आणि ते वेळोवेळी मोठी झाडलोट करतात. 2014 च्या डिसेंबरमध्ये केली तेव्हा मोठमोठ्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले होते. विकणाऱ्यांवर मात्र थेट कारवाई झाली आहे. 2020 मध्ये एका पार्श्वगायिकेच्या नावाने खोटं प्रोफाइल निघालं, तिच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या क्राइम ब्रँचने तपास केला आणि फॉलोअर विकणाऱ्यांचं जाळं उघड झालं. अमेरिकेत 2019 मध्ये अशाच एका विक्रेत्या कंपनीच्या प्रमुखावर 25 लाख डॉलरच्या वसुलीचा आदेश झाला. तुम्ही घाबरून जावं असं यात काही नाही, पण हा फुगलेला आकडा दाखवून कुणाकडून स्टॉल किंवा पैसे घेतले तर ती फसवणूक होईल. ते करू नका.

म्हणून आयोजकांना खरं सांगा. मी माझ्या गिऱ्हाइकांना नेहमी हाच सल्ला देते आणि अजून तरी कुणाचा स्टॉल त्यामुळे गेलेला नाही. लिहा, "घरातल्या एकाने फॉलोअर विकत घेतले होते, आम्ही ते काढतो आहोत, खरे फॉलोअर दोन हजारांच्या आसपास आहेत. सोबत गेल्या हंगामातल्या ऑर्डरचा तपशील जोडते." किती किलो मसाला गेला, किती गिऱ्हाइकं परत आली, हे त्यांना आकड्यापेक्षा जास्त कळतं. स्टॉलवर शेवटी मसालाच विकायचा आहे.

अजून एक तपासाच. इन्स्टाग्रामवर तुमच्या पेजचं नाव शोधा, एखादं अक्षर बदलून, मागे टिंब किंवा आकडा लावून. फॉलोअरच्या गर्दीतून काही ठग तुमचे फोटो उचलून हुबेहूब दुसरं पेज काढतात आणि तुमच्या गिऱ्हाइकांकडे डीएममधून यूपीआयवर पैसे मागतात. तसं पेज दिसलं तर लगेच रिपोर्ट करा, स्टोरीवर तुमचा एकमेव नंबर टाका, आणि कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना ताबडतोब 1930 वर फोन करायला सांगा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भाच्याला रागावला असाल तर आता सोडून द्या. फाइल उतरवणं, शीट करणं, तारखा लावणं ही कामं त्याला तुमच्यापेक्षा झटपट येतील. ऑर्डरची वही तुमच्या हातात ठेवा आणि शीट त्याच्या, दोघांनी एका रविवारी बसा. गठ्ठ्याची सुरुवात आणि शेवट कुठल्या तारखांना आहे आणि मध्ये किती नावं आहेत ते मला कळवा, म्हणजे दिवाळीतली खरी माणसं त्यातून कशी वेगळी काढायची ते तुमच्या शीटवरच दाखवते.